इर्जिकीतला दुसरा विळा

“वैनी, माझा आवाज असा का येतोय गं?”

तीस वर्षं होत आली, तरी मालनचं ते बोलणं माझ्या कानातून गेलेलं नाही. शब्द साधेच होते, पण आवाज तिचा नव्हता. तोंडावर गोधडी धरून कुणी बोलावं तसा तो जाड आणि दबका येत होता.

आम्ही चौदा जणी सड्यावर ओळीनं वाकलो होतो. सडा म्हणजे आमच्या धनगरवाड्याच्या माथ्यावरचं पठार. दसरा सरला की तिथलं गवत कमरेला लागतं, पिवळं पडतं, आणि वाऱ्यानं सगळं रान एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळतं. मालन माझी नणंद, अठरा वर्षांची. ती गाऊ लागली की हातातला विळा आपोआप चाले. ती एक ओळ टाकी, आम्ही बाकीच्या झेलत असू.

*सड्याच्या गवताची, वाऱ्यानं केली वेणी,*
*विळ्याच्या फणीनं गं, विंचरती माझ्या बहिणी.*

ही झाली, मग तिनं माझ्याकडं तिरकं बघत दुसरी घेतली.

*पिवळ्या गवतात, हिरवं लुगडं कुणाचं,*
*भावजय माझी बाई, पाखरू...*

पाखरू आंब्याच्या बनाचं, असं पुढं होतं. ते आलंच नाही. मला वाटलं, हसू आलं असेल. मी वर बघितलं तर ती गळ्याला हात लावून उभी होती. ओठ सुजून उलटे झाले होते. डोळ्यांच्या पापण्या पुरीसारख्या फुगल्या होत्या. तिनं मला आवाजाचं विचारलं आणि ती मटकन गवतात बसली.

त्या दिवशी इर्जिक आमच्या घरची होती. वाड्यावर सात घरं. प्रत्येक घरानं दोन विळे द्यायचे, म्हणजे दोन बायका. सगळ्या जणींनी मिळून एक दिवस एका घराचं गवत कापायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. ज्या घराचा विळा कमी पडे त्याची पाळी शेवटाला जाई, आणि शेवटच्या घराला काड्या झालेलं गवत मिळे. म्हशी ते तोंडात धरून टाकून देत. अख्खं वर्ष त्या गवतावर काढायचं असल्यामुळं दोन म्हणजे दोनच, तिथं कुणाची गय नव्हती.

एरवी आमच्या घरचे दोन विळे म्हणजे मी आणि माझी सासू कोंडाबाई. मी तिला आत्याबाई म्हणायची. मालन घरी राहायची. मी या घरात आले त्याला तिसरं वर्ष, आणि तिन्ही वर्षं मी हे बघत होते. सून उन्हात, लेक सावलीत. वाड्यावरच्या बायजाबाई झोरे मला मुद्दाम ऐकू जाईल असं बोलत, “कोंडाबाईची मालन म्हंजे लोण्याचा गोळा. उन्हात काढली तर पाघळंल.” मी हसत असे, पण ते आत कुठंतरी टोचून राही.

त्या साली आत्याबाईच्या टाचेत काटा मोडला. टाच पिकली, पाय टेकवेना.

“आत्याबाई, औंदा मालन येऊ दे की,” मी म्हणाले.

“मालन नको. मी येते लंगडत.”

“लंगडत येऊन काय कापणार? बायजाबाई म्हणतील, अर्धाच विळा आणला.”

“म्हणू दे.”

“लेकीच्या अंगाला कुसळ लागू नये, आन् सुनंच्या लागलं तर चालतंय. मी काय दगडाची हाय?”

हे माझ्या तोंडून गेलं. आत्याबाईनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर मी आणखी भांडले असते. पण तिथं राग नव्हता. विहिरीत वाकून बघावं आणि पाणीच दिसू नये, तसं काहीतरी होतं. तिनं आढ्याला खोचलेला विळा काढला आणि मालनच्या हातात दिला. “गवतात बसू नको. उभ्यानं काप,” एवढंच बोलली.

मालन तर उड्या मारतच निघाली. तीन दिवस आम्ही दुसऱ्यांच्या इर्जिकीला गेलो. पहिल्या दिवसानंतर ती कंबर खाजवू लागली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी मला तिनं लुगडं सैल करून दाखवलं. कासोटा जिथं आवळलेला असतो तिथं कमरेभोवती लाल फोडांचा पट्टा उठला होता. चोळीच्या काठाखाली, गुडघ्यांच्या मागं, जिथं कापड अंगाला घट्ट बसतं तिथं तिथं तसेच फोड. मुंगी चावल्यासारखे नव्हते. एकेक फोड रुपयाएवढा, भोवती सुजलेलं, हाताला गरम लागणारं.

“सगळ्यांनाच होतं,” मी म्हणाले. “गवताची खाज हाय. खाजवून घे आन् नीज.”

“ल्हानपणी व्हायचं तवा एवढं न्हवतं. दर खेपेला मोठंच व्हतंय.” आणि मग घाईनं, “आईला सांगू नको हां वैनी. पुन्हा घरी बसवंल.”

मी सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. एकदा तरी तिला कळू दे, म्हटलं. आणि गवताच्या दिवसांत आमच्यात कुणी अंघोळ करत नसे. उद्या पुन्हा तेच कुसळ अंगाला लागणार, मग पाणी कशाला नासायचं? त्याच लुगड्यावर निजायचं, त्याच लुगड्यावर उठून सड्यावर जायचं. मालनही तशीच निजली. आणि चौथ्या दिवशी, आमच्याच इर्जिकीत, तिचा आवाज गेला.

“पित्त उठलंय पोरीला,” बायजाबाई ओरडल्या. “घोंगडं आणा कुणीतरी. गुंडाळून घाम काढा.”

अंगावर गांधी उठल्या की घोंगड्यात गुंडाळायचं हे आमच्यात लहान मूलही सांगेल. लोकरीची टोचणी लागली, घाम सुटला की गांधी बसतात. घोंगडं जवळच होतं. इर्जिकीला आलेल्या बायकांना कापलेल्या गवताची गादी करून, वर घोंगडं अंथरून जेवायला बसवायचं हा आमच्यातला मान. सकाळीच मी ते अंथरून ठेवलं होतं. झिमानं ते ओढून आणलं. झिमा म्हणजे बायजाबाईंची धाकटी सून, माझ्याच वयाची. आम्ही दोघींनी मालनला त्यात गळ्यापर्यंत लपेटलं आणि आडवं केलं. तिच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. ती हातानं घोंगडं ढकलत होती आणि आम्ही ते पुन्हा आवळत होतो.

तेवढ्यात पायवाटेनं आत्याबाई वर आली. डोक्यावर चौदा जणींच्या भाकरीची पाटी, पाय ओढत. तिनं ते बघितलं मात्र, पाटी तिथंच खाली गेली. भाकरी उतारावरून घरंगळत गेल्या.

“घोंगडं काढा!”

“अगं कोंडाबाई, घाम आला की उतरंल...”

“काढा म्हणते न्हवं!” ती लंगडत धावत आली आणि तिनं ते घोंगडं असं ओढलं की मालन अर्धी उलटी झाली. “आडवी नका ठेवू. बसती करा.” ती माझ्याकडं वळली. “यसू, पाठ धर तिची. दुधाची जीप कवा येती?”

“दुपारी. खालच्या वळणावर,” मी म्हणाले.

“मग उचला.”

जिनं स्वतःची टाच सडली तरी दवाखान्याचं नाव काढलं नव्हतं, तीच बाई दवाखान्यात न्या म्हणत होती. नवल वाटायलाही तेव्हा सवड नव्हती. पुरुष मंडळी गवताचे भारे घेऊन पलीकडच्या अंगाला गंजीकडं गेली होती. मी मालनला पाठकुळी घेतलं. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक श्वास माझ्या कानात, चाळणीतून वारा जावा तसा. शंभर पावलं मी, शंभर झिमा. तिसऱ्या खेपेला बायजाबाई पुढं आल्या आणि पाठ वाकवून उभ्या राहिल्या. पन्नाशीची बाई. मागून आत्याबाई येत होती. तिच्या टाचेतून रक्त गळत होतं आणि ती सारखी एकच म्हणत होती, “मालन, बोल. बोलत ऱ्हा. काय पण बोल.”

मालन बोलायची, “आई, मळमळतंय.” मग नुसतं, “आई.” मग तेही नाही.

जीप सुटायच्या बेतात होती. इलाहीभाई चालवायचे. ते म्हणाले, “बाई, कॅन भरल्यात, जागा कुठाय? दूध नासलं तर डेअरीवाले मला सोडतील व्हय?”

“तुझं दूध नासलं तर माझ्या म्हशी देतील,” बायजाबाई म्हणाल्या, आणि दोन कॅन त्यांनी स्वतःच्या हातानं उचलून रस्त्याच्या कडेला ठेवले. इलाहीभाईंनी एकदा मालनच्या तोंडाकडं बघितलं. मग त्यांनी उरलेल्या वाटेत कुठंच जीप थांबवली नाही.

बाजारगावच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई नव्या होत्या, लातूरकडच्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या. त्यांनी विचारणं नंतर ठेवलं. आधी मांडीत सुई टोचली, नाकाला नळी लावली. आम्ही भिंतीला टेकून उभ्या. किती वेळ गेला सांगता येत नाही. मालनच्या छातीतली शीळ हळूहळू बारीक झाली, आणि मग ती डोळे न उघडता म्हणाली, “वैनी, पाणी.” तो आवाज तिचा होता. मी पाणी आणायला धावले.

तिला दोन दिवस ठेवून घेतलं. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून तिच्या कमरेचे फोड बघितले. मला विचारलं, “गवतात होती?”

“तीन-चार दिवस.”

“फोड कुठं कुठं आले? जिथं कपडा घट्ट असतो तिथंच ना?”

“व्हय. तुमाला कसं कळलं?”

“गवतात एक किडा असतो. लालसर. सुईच्या टोकाएवढासुद्धा नाही. त्याचं पिल्लूच चावतं. ते अंगावर चढतं आणि कापड आवळलं असेल तिथं अडतं. चावताना कळत नाही, काही तासांनी खाज सुटते. बहुतेकांना खाजेपलीकडं काही होत नाही. पण एखाद्याचं अंग त्याच्यावर उलटतं. मग फोड मोठाले येतात, दर वेळी आधीपेक्षा मोठे. आणि एखाद्या वेळी हे असं होतं. फार थोड्यांना, पण होतं. त्या किड्यानंच झालं की गवतातल्या आणखी कशानं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण हिनं पुन्हा गवतात पाय ठेवायचा नाही. पुढच्या वेळेला जीप भेटेलच असं नाही.”

दर खेपेला मोठंच व्हतंय, असं मालन चुलीपाशी म्हणाली होती. मी मान खाली घातली.

“खाज कुठली आणि हे कुठलं, वळखायचं कसं बाई?” मी विचारलं.

“चावलं तिथंच फोड असेल, तर साबणानं धुवायचं, गार पाण्याची पट्टी ठेवायची, खाजवायचं नाही. इथून मलम न्यायचं. पण चावलं नाही तिथंही गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बदलला, दम लागला, उलटीसारखं झालं, तर घरात एक घटका थांबायचं नाही. आणि आठ-दहा दिवसांनी ताप आला, चावल्या जागी काळी खपली दिसली, तरी यायचं. तो त्याच किड्याचा वेगळा आजार आहे.” मग त्या आत्याबाईकडं वळल्या. “आजी, घरात आधी कुणाला असं झालं होतं का? हिच्या भावंडांत?”

“न्हाई,” आत्याबाई म्हणाली.

“कुणालाच नाही?”

“एक पोरगा हाय. त्याला काय होत न्हाई.”

मला सुंद्री आठवली. सुंद्री म्हणजे मालनची थोरली बहीण. मी लग्न होऊन यायच्या आधीच ती गेली होती, सड्यावर, गवतातच, पान लागून. साप चावला असं आमच्यात कुणी तोंडानं म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. पण डॉक्टरीणबाई विचारत होत्या ते निराळं होतं, म्हणून मीही गप्प राहिले.

घरी आल्यावर मला चैन पडेना. जे दिसत नाही त्याच्याशी भांडायचं कसं? डॉक्टरीणबाईंनी एक तोड सांगितली होती. काळं काहीतरी गवतात उभं करून ठेवायचं आणि थोड्या वेळानं त्याची कड बघायची. काळं आमच्या घरात एकच होतं. मी ते घोंगडं सड्यावर नेलं आणि त्याचा एक कोपरा न कापलेल्या गवतात काठीनं उभा करून ठेवला. भाकरी खाऊन होईस्तोवर वाट बघितली. मग वाकले.

काळ्या लोकरीच्या काठावर कुणीतरी चिमूटभर कुंकू भुरभुरल्यासारखं दिसत होतं. आणि ते कुंकू चालत होतं.

मी तसंच धावत आत्याबाईला बोलावून आणलं. “बघा. हे गवतावर अंथरतो आपण, यावर जेवतो, यातच पोरीला गुंडाळलं. औषध म्हणून त्याच किड्यांच्या अंथरुणात.”

आत्याबाई खाली बसली. किती तरी वेळ बघत राहिली. तिनं बोट पुढं केलं, मागं घेतलं. मग उठली आणि उतरून गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मला वाटलं, सुनेनं शिकवलेलं तिला लागलं.

पण मी आता मागं हटणार नव्हते. पुढचं वर्षभर मी दिसेल त्या बाईच्या मागं लागले. गवताला जाताना आत पायघोळ विजार घालायची, घोट्याशी सुतळीनं बांधायची, लांब बाहीचा सदरा चढवायचा. कापलेल्या गवतावर टेकायचं नाही. घरी आल्याबरोबर, चुलीकडं जायच्या आधी, साबण लावून खसाखसा अंघोळ. अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात. घोंगडं गवतावर न्यायचंच नाही.

“अगं यसवदे,” बायजाबाई म्हणाल्या, “दादल्याची विजार घालून निघालीस, आता मिशा कवा लावतीस?”

“तुमी लावा, मी मागनं लावते,” मी म्हणाले. सगळ्या हसल्या. त्यांतल्या झिमानं मात्र गुपचूप विजार शिवून घेतली. मग आणखी एकीनं. बाकीच्या म्हणत, आमच्या आज्या नागव्या पायानं कापत आल्या, त्यांना काय झालं?

पुढचा दसरा आला तेव्हा मला सातवा महिना होता. वाकवत नव्हतं. आत्याबाईची टाच बरी होती, पण तिचा विळा एकच. दुसरा विळा कुणाचा?

मी बायजाबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले. “काकी, मालन सातही दिवस चौदा जणींच्या भाकरी थापंल, पाणी शेंदून आणंल. तेच आमचा दुसरा विळा धरा.”

“भाकरीनं गवत कापतंय व्हय गं?”

“तुमीच पाठीवर घेतली होती तिला. इसारला?”

“इसरले न्हाई.” त्या थोड्या नरमल्या. “पर त्याला वरीस झालं. पोरगी आता घोड्यावानी धडधाकट हाय. बाई, एका घराला सूट दिली की उद्या सातही घरांच्या लेकींना गांधी उठतील. मग सडा कापायचा कुणी?”

त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पण माझंही नव्हतं. इर्जिक सुरू झाली आणि पहिले दोन दिवस आमचा एकच विळा गेला. आधी ठरल्याप्रमाणं तिसऱ्या दिवशी आमची पाळी. सकाळी सड्यावर सगळ्या जमल्या. मी जड अंगानं हळूहळू चढून गेले होते, मालन पाण्याचा हंडा घेऊन आली होती. तिला मी कातळावरच थांबवलं. कातळ म्हणजे गवताच्या कडेचा उघडा काळा दगड, तिथं काडीही उगवत नाही. जेवायची मांडामांडही मी तिथंच केली होती.

बायजाबाईंनी ते बघितलं. “हे काय? ना गवत, ना घोंगडं. भिकाऱ्यावानी उघड्या दगडावर बसवणार आमाला?”

“काकी, दगडावर किडा न्हाई.”

“किडा, किडा! वरीसभर त्योच घोकतीस. मान राखायचा न्हाई, विळा द्यायचा न्हाई, आन् गवत तेवढं पयलं पायजे.” त्यांनी विळा कमरेला खोचला. “तुमची पाळी शेवटाला. चला गं.”

बायका हलल्या. झिमा माझ्याकडं बघत मागं रेंगाळली, पण तीही हलली. पाच म्हशी, दोन रेडकं, आणि पुढं पावसाळ्यापर्यंतचे आठ महिने माझ्या डोळ्यांपुढं उभे राहिले. मी म्हणाले, “काकी, थांबा. मी कापते.” आणि विळा घेऊन वाकायला गेले, तर पोटात अशी कळ आली की गुडघ्यावर टेकले.

मालननं माझ्या हातातला विळा काढून घेतला.

“वैनी, तू बस.” तिनं पदर कमरेला खोवला. “लई ऐकलं लोण्याचा गोळा. वर्षभर ऐकतेय. काकी, हा बघा आमचा दुसरा विळा.”

“शाब्बास!” कुणीतरी म्हणालं. बायका थांबल्या, मागं फिरल्या.

“मालन, न्हाई,” मी ओरडले. “तुझ्या पायात विजारसुदीक न्हाई.”

“एका दिसानं काय व्हत न्हाई. झालं तर जीप हाय की.” ती हसली. भीती तिच्या हसण्यात दिसत होती, पण तिची हनुवटी वर होती. ती कातळावरून चालत निघाली. गवत चार पावलांवर होतं. वारा पडला होता, ते नुसतं उभं होतं.

आत्याबाई कडेला गवतात एकटीच कापत होती. कुणी थांबो न थांबो, तिनं सकाळीच वाकून सुरुवात केली होती. ती ताठ झाली, गवतातून बाहेर आली आणि मालनच्या पुढ्यात उभी राहिली.

“बाजूला हो, आई.”

“न्हाई.”

“तुझ्या लाडानंच माझं नाव झालंय असं. हो बाजूला.”

आत्याबाईनं तिचं मनगट धरलं. पकड सुटत नव्हती. बायजाबाई पुढं झाल्या. “अगं कोंडाबाई, जाऊ दे की पोरीला. एक लेक पानानं गेली म्हणून दुसरीला किती दिवस पदराखाली...”

“पान न्हवतं लागलं.”

ती इतकं हळू बोलली की पुढं उभ्या असलेल्या दोघी-तिघींनाच ऐकू गेलं. मागच्या विचारू लागल्या, काय म्हणाली, काय म्हणाली. मग आत्याबाईनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“माझ्या सुंद्रीला पान लागलं न्हवतं. तुमी समद्या खाली गेला होता, वर आमी दोघीच उरलो होतो. तिच्या अंगावर अशाच गांधी उठल्या, ओठ असंच सुजलं, आवाज असाच गेला. मी तिचं सगळं अंग बघितलं, दाताची खूण कुटं न्हवती. ती म्हणत होती, आई मला खाली ने, मला दम लागतोय. मी म्हणलं, पित्त हाय, उतरंल. तिला घोंगड्यात गुंडाळली, आडवी केली. ती हातानं ढकलत होती आन् मी आवळत होते. सांज होईस्तोवर मांडीवर घेऊन बसले. तुमी आला आन् म्हणालात, पान लागलं. मी व्हय म्हणून मान हलवली.”

मालननं विळा कातळावर ठेवला, आणि बायजाबाई आमच्या गवताकडं वळल्या.